शेडमध्ये भरलेली बैठक

थोरल्यांचं भाषण संपलं तेव्हा कपातल्या चहावर साय धरली होती. आत्यानं उजवा हात एकदाच आडवा फिरवला.

समोर बसलेल्या भाचीनं भुवया वर केल्या. "एवढंच?" तिच्या बोटांनी विचारलं.

"एवढंच," आत्याची बोटं म्हणाली. "बाकी प्रस्तावना होती."

वास्तविक थोरले, म्हणजे आत्याचे मोठे भाऊ, बराच वेळ बोलले होते. पणजीनं एका मागावर सुरू केलेला हा कापडाचा कारखाना, तिचे कष्ट, घराण्याची परंपरा, बदलता काळ, बदलत्या काळात परंपरेचं महत्त्व आणि परंपरेत बदलत्या काळाचं महत्त्व, असा सगळा मुलूख हिंडून ते मुक्कामाला पोचले होते. मुक्काम असा, की पणजीचे चिरंजीव आप्पा आता माग खात्यातून निवृत्त होताहेत, त्यांच्या जागी प्रमुख व्हायला पुतणी उभी आहे, याचा थोरल्यांना मनापासून अभिमान वाटतो, आणि ते होणं शक्य नाही.

पुतणी म्हणजे आत्याची ती समोरची भाची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शेडमधले लोक तिला 'वकील' म्हणत, कारण हातांनी भांडायला लागली की समोरच्याला ती अपिलालाही जागा ठेवत नसे. घरातही मग तेच नाव पडलं. तसे ऐकू न येणारे या घरात पुष्कळ होते. मागांच्या खडखडाटात जन्म काढल्यामुळे आप्पांना डाव्या कानानं काहीच कळत नसे, आणि उजव्या कानानं त्यांना हवं तेवढंच. आत्या स्वतः टीव्ही असा लावायची, की बातम्या शेजाऱ्यांना फुकट मिळत. पण बहिरी म्हणून ओळखली जायची ती एकटी वकील. कारण तिनं ते कधी लपवलं नव्हतं.

थोरले वाईट नव्हते. वकील तापानं फणफणली होती तेव्हा तिच्या उशाशी रात्रभर बसणारे तेच, आणि तिचे वडील, म्हणजे मधला भाऊ, गेल्यावर तिच्या शिक्षणात कुणी आडवं येऊ नये म्हणून घरभर डोळे वटारत फिरणारेही तेच. गेल्या वर्षी शहराच्या उद्योजक मंडळानं सर्वसमावेशक कारखान्याचा सन्मान दिला तो थोरल्यांनीच स्वीकारला. तेव्हापासून कारखान्याच्या फाटकावर वकिलीचा भलामोठा फोटो होता. फोटोत ती एका संगणकासमोर हसत बसली होती. संगणक थोरल्यांच्या ऑफिसातला होता, आणि वकील त्याला त्याआधी किंवा त्यानंतर कधी शिवली नव्हती. थोरले पाहुण्यांना फाटकाशी थांबवून फोटो दाखवत, आणि फोटोतली बाई आत माग दुरुस्त करत असे.

"दादा," आत्या म्हणाली, "फाटकावर चालते ती शेडमध्ये का चालत नाही?"

थोरल्यांनी दुखावल्यासारखा चेहरा केला. प्रश्न चालण्याचा नाही, नियमाचा आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. आणि नियम पणजीचा होता. पणजीचे मुलगे फार लाजाळू, म्हणजे फार बेरकी. स्वतःला काही हवं असलं की बायकोला पुढे करत, बहिणीला पुढे करत. कंटाळून पणजीनं ठरवून दिलं, की ज्याला एखादं खातं हवं त्यानं बैठकीत उभं राहून ते स्वतः मागायचं, येईल त्या प्रश्नाला स्वतः उत्तर द्यायचं. त्याच्या वतीनं दुसऱ्यानं बोललेलं चालणार नाही. आप्पांनी असंच खातं मागितलं होतं. थोरल्यांनी ऑफिस असंच मागितलं होतं, आणि ती बैठक जेवणाची वेळ टळून गेली तरी चालली होती.

"तू तिच्या वतीनं बोलणार," थोरले आत्याला म्हणाले. "म्हणजे नियम मोडला. मला का हौस आहे? पण नियम आहे."

लिहून दिलं तर, असं आत्यानं विचारलं. ही बैठक आहे, परीक्षा नव्हे, लिहीत बसलो तर उजाडेल, असं थोरले म्हणाले. आत्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणजे वकिलीची आई. ती आता उठेल आणि थोरल्यांना दोन शब्द सुनावेल, अशी आत्याची खात्री होती. वहिनी उठली. तिनं कप गोळा केले आणि म्हणाली, "भाऊजींचं बरोबर आहे."

आत्याचे हात मांडीवर तसेच राहिले. हे वाक्य कसं सांगावं ते तिला कळेना. सांगावं लागलंही नाही. वकील आईच्या ओठांकडेच बघत होती, आणि आईचे तेवढे ओठ तिला वाचता येत.

थोरल्यांचा मुलगा कोपऱ्यात मोबाईल चाळत होता. सगळे त्याला 'युवराज' म्हणत. वकील नाही तर तोच, हे कुणी न बोलताही ठरल्यासारखं होतं, आणि त्या कल्पनेनं त्याचा चेहरा दाढ उपटून घ्यायला आलेल्या माणसासारखा झाला होता. त्याला शेडचा आवाज सोसत नसे. फाटकातून आत येतानाच तो कानात बोळे घालायचा.

वकील उठली ती थेट आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिनं काहीतरी विचारलं. तिची पाठ असल्यामुळे आत्याला हात दिसले नाहीत, पण आप्पांचा चेहरा दिसला. आधी तो कोरा होता. मग त्याच्यावर हळूहळू एक अत्यंत निरागस भाव पसरला, आणि आप्पांचा निरागस भाव म्हणजे काय असतं ते घरातल्या सगळ्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

"पोरगी विचारते," आप्पा म्हणाले, "बैठक दिवाणखान्यातच घ्यायची, असाही नियम आहे का?"

तसा नव्हता. पणजीच्या काळी बैठका शेडमध्येच होत, कापड तपासायच्या टेबलाभोवती. घरच्यांच्या वादासाठी माग बंद ठेवायला पणजी तयार नव्हती. बैठक दिवाणखान्यात आली ती थोरल्यांनी सोफा घेतल्यावर.

"मग उद्या दुपारी," आप्पा म्हणाले. "शेडमध्ये. माग चालू ठेवून. आईच्या नियमानं."

थोरले हरकत घ्यायला तोंड उघडून उभे राहिले. पण नियमाचं कौतुक आत्ताच इतकं करून झालं होतं, की मागे वळायला रस्ता उरला नव्हता.

स्वयंपाकघरात आत्यानं वहिनीला गाठलं. रागानं तिचा आवाज नेहमीपेक्षाही मोठा झाला होता. स्वतःच्या मुलीविरुद्ध कसं बोललीस, तिला सारं खातं डोक्यावर घेतं, कारागीर तिच्या एका इशाऱ्यावर माग थांबवतात, आणि तू कप उचलत बसलीस, असं तिनं एका दमात ऐकवलं. वहिनी कप विसळत राहिली.

"वन्सं," ती शेवटी म्हणाली, "तुम्हाला अभिमान वाटतो, मला भीती वाटते. अभिमान वाटून घ्यायला सगळं घर आहे. भीतीला मी एकटी आहे."

आत्यानं फडकं उचललं आणि कप पुसायला घेतले. ही घटना या घरात दुर्मीळ होती.

"मागून पट्टा तुटला," वहिनी म्हणाली, "कुणी ओरडलं, आग लागली, घंटा झाली. तिला कोण सांगणार? आता ती एका पाळीची प्रमुख आहे, आप्पा असतात आसपास. उद्या सगळ्या शेडची जबाबदारी तिची. तिचीही, आणि तिथल्या लोकांचीही."

"मग हे तिला विचार ना."

"विचारीन," वहिनी म्हणाली. "उद्या. सगळ्यांसमोर."

*

शेडचं दार उघडलं की आवाज अंगावर येत नसे, तो माणसाला उचलून आत घेत असे. मागांच्या रांगा, प्रत्येक मागावर इकडून तिकडे झेपावणारा धोटा, वर फिरणारे पट्टे, हवेत तरंगणारा कापसाचा भुसा. इथं तोंडानं बोलणं म्हणजे पाण्याखाली शिट्टी वाजवणं. म्हणून इथले लोक पणजीच्या काळापासून हातांनी बोलत. ती बोली पूर्वी ओबडधोबड होती. दोरा तुटला, सुताची कांडी संपली, मुकादम आला, पळ, एवढ्यावर भागत असे. मग लहानगी वकील तिच्या शाळेतून खाणाखुणांची खरी भाषा शिकून आली आणि सुट्टीत आप्पांबरोबर शेडमध्ये रमू लागली. आता तिथं हातांनी राजकारण चाले, लग्नं जमत, चहाड्या होत. आत्या ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, भरायच्या कामावर होती तेव्हा तिथंच शिकली. थोरले तरुणपणीच ऑफिसात गेले आणि तोंडानं बोलून पुढे आले.

तपासणीच्या टेबलाभोवती सगळे उभे राहिले. थोरले कोट घालून आले होते. कारागिरांनी मान खाली घालून काम चालू ठेवलं होतं, पण अशा माना आत्या ओळखून होती. त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांनाच टेबलाच्या बाजूचा दोरा पुन्हा पुन्हा बघावासा वाटत होता.

वकील टेबलाच्या टोकाला उभी राहिली. तिनं हात वर केले आणि मोठ्या, स्वच्छ खुणांनी म्हणाली, "मला माग खातं हवं आहे. मी ते चालवू शकते. विचारा."

कुणी काही सांगायची गरज पडली नाही. आत्याचे हात सवयीनं वर आले होते, ते तिनं गुपचूप पदराखाली घेतले.

थोरल्यांनी बोलायला सुरुवात केली. त्यांचे ओठ हलले, भुवया चढल्या, डावा हात छातीवर गेला, म्हणजे प्रस्तावना सुरू झाली असावी. टेबलाभोवती सगळे त्यांच्याकडे आदरानं बघत राहिले. थोरल्यांनी आवाज चढवला. मानेच्या शिरा दिसल्या, आवाज दिसला नाही. आप्पांनी उजव्या कानामागे हात धरून मान हलवली. आयुष्यभर घरातला प्रत्येक वाद आवाजाच्या जोरावर जिंकलेला तो माणूस दमून थांबला, आणि त्यानं बहिणीच्या कोपराला धरून वकिलीकडे बोट दाखवलं. तू सांग ना तिला.

आत्यानं या क्षणाचा आनंद घाईनं संपवला नाही. तिनं आधी थोरल्यांकडे पाहिलं, मग आप्पांकडे, मग पणजीच्या आठवणीनं जणू छताकडे. आणि अतिशय खेदानं मान हलवली. दुसऱ्याच्या वतीनं बोललेलं चालत नाही.

थोरल्यांनी खिशातून पेन आणि कागद काढला. आप्पांनी त्यावर पंजा ठेवला. लिहिणं काल कुणी नाकारलं होतं, हे त्यांचे डोळे विचारत होते. आसपासचे माग आत्ता कुणी बंद केले असते तरी कारागिरांना कळलं नसतं, इतके ते टेबलाकडे बघण्यात गुंतले होते.

तेवढ्यात वकिलीनं टेबलावर थाप मारली. थाप लाकडातून सगळ्यांच्या हातांना कळली.

"आप्पा, लिहू द्या त्यांना," ती म्हणाली. "त्यांना आपली भाषा येत नाही, त्यात त्यांचा काय दोष? मला वाचता येतं."

आप्पांनी पंजा उचलला. थोरल्यांना ती काय म्हणाली ते कळलं नाही, पण पंजा कुणामुळे उचलला गेला ते कळलं. ते लिहू लागले. लिहिताना हात दुखतो, त्यामुळे प्रस्तावना आपोआप गळाली. त्यांचा प्रश्न एका ओळीत मावला, आणि आत्याच्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडत होतं. मोठे ग्राहक शेड बघायला येतात, खातेप्रमुखाशी बोलायला मागतात, त्यांच्याशी कोण बोलणार?

वकिलीनं खाली लिहिलं, "तुम्ही. तुमच्यासारखं कुणाला जमतं? फक्त कापडाबद्दल काही सांगायच्या आधी मला विचारा."

थोरल्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. पहिल्या वाक्यानं त्यांची छाती फुगत होती आणि शेवटच्यानं उतरत होती, असं ते काही वेळ चाललं.

मग युवराजानं हात वर केला. त्याच्या कानात बोळे होते आणि बोटं शाळेत पहिल्यांदा पाटीवर अक्षर काढणाऱ्यासारखी चालत होती, पण त्यानं विचारलं स्वतःच, "तू प्रमुख झालीस तर मला शेडमध्ये यावं लागेल?"

"आलास तर हाकलीन."

युवराजाचा चेहरा उजळला. आता उरली वहिनी.

वहिनीला हातांची भाषा येत होती, पण घरातली. जेव, झोप, स्वेटर घाल, इतका उशीर का. ती शेडमधल्या लोकांसमोर कधी बोलली नव्हती. तिनं हात पदराला पुसले आणि वर केले.

"घंटा झाली तर तुला कळणार नाही," वहिनी म्हणाली. "कुणी ओरडलं तर कळणार नाही. तेव्हा काय करशील?"

या प्रश्नाची वकिलीनं टर उडवली असती तर आत्यानंच तिला झापलं असतं. पण वकील आप्पांकडे वळली आणि तिनं एक छोटी खूण केली. आप्पा हात पाठीमागे बांधून, वेळ घालवायला निघालेल्या म्हाताऱ्यासारखे, सगळ्यांच्या मागून कुठेतरी निघून गेले.

"आई," वकील म्हणाली, "इथं उभी राहून तुला काय काय ऐकू येतं?"

वहिनीनं कान देऊन पाहिलं. माग, ती म्हणाली. नुसते माग.

"आणखी?"

"आणखी काही नाही."

वकिलीनं थोरल्यांनाही खुणेनं तेच विचारलं. त्यांनी खांदे उडवले. युवराजानं तर मोठ्या धीरानं एक बोळा काढून पाहिला आणि घाईनं परत घातला. आत्यानंही ऐकलं. खडखडाट, आणि त्याच्याखाली खडखडाटच.

"आता मागे बघा," वकील म्हणाली.

सगळे वळले. दाराजवळ, आगीच्या वेळी वाजवायच्या पितळी घंटेखाली, आप्पा दोरी धरून उभे होते आणि दोन्ही हातांनी, सगळा जीव लावून, घंटा वाजवत होते. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. त्यांच्यापासून हाताच्या अंतरावरचा कारागीर शांतपणे कांडी बदलत होता.

त्या घंटेची चाचणी दर वर्षी होत असे. निरीक्षक येत, म्हणून त्या दिवशी शेडला सुट्टी देत. माग बंद असत, सगळीकडे सामसूम असे, आणि घंटा दर वर्षी उत्तम वाजे. थोरले निरीक्षकांशी हस्तांदोलन करत. इतक्या वर्षांत या घरातल्या एकाही ऐकू येणाऱ्या माणसाला चालू मागांत ती वाजवून बघावीशी वाटली नव्हती.

वहिनीनं आधी घंटेकडे पाहिलं, मग रांगांकडे. रांगांत दिसणारी सगळी वाकलेली डोकी ती एकेक करून बघत होती. तिची भीती इतकी वर्षं एका माणसापुरती होती. आत्याच्या डोळ्यांदेखत ती शेडभर पसरली.

"म्हणजे इथं कुणालाच..." तिची बोटं अर्ध्यात थांबली.

"कुणालाच नाही," वकील म्हणाली. "मागून येणारं मला कळत नाही, हे तुझं खरं आहे. म्हणून मी प्रत्येक रांगेवर दिवे मागितले होते, धोका झाला की लाल होणारे. काका म्हणाले, एका माणसासाठी सगळ्या शेडची वायरिंग कशी करायची? आई, ते दिवे मला लागतात हे सगळ्यात आधी मला कळलं, कारण मला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे. इथं यांनाही ऐकू येत नाही, पण ते यांना माहीतच नाही. मी प्रमुख झाले तर पहिलं काम दिव्यांचं. ते लागेपर्यंत प्रत्येक रांगेच्या टोकाला नुसतं बघायला एक माणूस, आणि माझ्यामागेही एक. मला एकटीला सगळं दिसेल असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्याला शेड देऊही नका."

वहिनी टेबलाला वळसा घालून गेली आणि मुलीच्या शेजारी, शेडकडे तोंड करून उभी राहिली. घराण्याच्या इतिहासात याला पाठिंबा म्हणतात.

थोरले अजून घंटेकडेच बघत होते. पुतणीच्या खुणा त्यांना कळल्या नव्हत्या, पण आपण नाकारलेले दिवे आठवले असावेत. आप्पा दमून थांबले होते आणि घंटा थांबल्याचंही कुणाला कळलं नव्हतं. थोरल्यांनी कागद पुढे ओढला, काही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि तो पुतणीच्या हातात न देता सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. त्यावर एवढंच होतं, 'माझं चुकलं. दिवे कधीपासून?'

"दादा," आत्या मोठ्यांदा म्हणाली, आणि ते कुणालाही, तिला स्वतःलाही, ऐकू गेलं नाही, हे बरंच झालं. कारण आवाज रडवेला होता.

आप्पा परत येऊन टेबलाशी उभे राहिले, रुमालानं मान पुसली आणि पणजीच्या रीतीनं विचारलं, खातं हिला द्यायचं का? वहिनीचा हात वर गेला. युवराजाचा तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच गेला होता. आत्यानं दोन्ही वर केले, त्यातला एक आप्पांनी खाली घ्यायला लावला. थोरल्यांचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला तो सगळ्यांत उंच. बऱ्याच समारंभांची सवय होती. या वेळी मात्र ते इकडेतिकडे न बघता पुतणीकडे बघत होते.

मग जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन हवेत हलवले. वकिलीच्या शाळेत टाळ्या अशा वाजवत. शेजारच्यानं तसंच केलं, मग पलीकडच्यानं, आणि बघता बघता रांगांमागून रांगा, मागांच्या वर, पट्ट्यांच्या खाली, भुसा उडत असलेल्या त्या पांढुरक्या हवेत, हातच हात झाले. खडखडाट तसाच चालू होता. त्यात ते हात स्पष्ट ऐकू येत होते.

वकील क्षणभर नुसती उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी किंचित वर. मधला भाऊ खूश झाला की अस्सा दिसायचा. आत्याला वाटलं हे तिला सांगावं. वहिनी काय पुटपुटत असेल, थोरले आप्पांच्या कानाशी काय ओरडत असतील, तेही अंदाजानं सांगावं. भाची दुडूदुडू चालायची तेव्हापासून सगळ्या घराचं बोलणं तिच्यापर्यंत पोचवलं ते आत्यानं, आणि आजच्यासारखं बोलणं पुन्हा कधी होणार होतं? ती दोन पावलं पुढे झाली, हात उचलले आणि भाचीची नजर आपल्याकडे वळायची वाट बघत रांगांमधल्या वाटेत उभी राहिली.

नजर वळली. पण आत्याच्या हातांकडे नाही, तिच्या पाठीमागे. वकिलीचा चेहरा बदलला. तिनं झटकन हात उचलला आणि शेडमध्ये सगळ्यांना कळते ती कोरडी, करडी खूण केली.

"वाटेतून बाजूला. गाडी येतेय."

आत्या मुकाट्यानं भिंतीला लागली. सुतानं लादलेली हातगाडी तिच्या पदराला घासून पुढे गेली. खातेप्रमुख तोवर दुसऱ्या रांगेकडे वळल्याही होत्या, कुणाला तरी काहीतरी विचारत. आत्या भिंतीला पाठ लावून तिथंच उभी राहिली. आजवर तिला बऱ्याच जणांनी बऱ्याच ठिकाणांहून हुसकावलं होतं, पण इतकं झकास कुणालाच जमलं नव्हतं.